तोंड सोललंय, आता शेक बंद करू का?

मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत रेडिओथेरपीला, म्हणजे कर्करोगावर किरणांनी केल्या जाणाऱ्या उपचाराला, ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. शेक हा शब्द जिभेवर सहज बसतो, पण तो एक चुकीची समजूतही सोबत आणतो. चटका बसला की हात मागे घ्यायचा, हे आपण चुलीपाशी शिकलेलो असतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात तोंड आले की बहुतेक कुटुंबे माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: आता शेक बंद केला तर चालेल का?

जालना जिल्ह्यातल्या एका मावशींची गोष्ट त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ५५, अनेक वर्षांची मिश्रीची सवय, गालाच्या आतल्या बाजूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आणि त्यानंतर आठवड्यातून ५ दिवस याप्रमाणे सहा आठवड्यांत ३० शेक ठरलेले. अठरा शेक नीट झाले आणि मग तीन दिवस मावशी आल्याच नाहीत. चौथ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला तो उपचार बंद करण्याचा कागद मागायलाच. मावशी काही बोलत नव्हत्या. मी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा त्यांनी एक लहानसा घोट घेतला, मान चांगल्या गालाकडे कलती केली, तो घोट तसाच थोडा वेळ तोंडात धरला आणि डोळे मिटून गिळला. मग म्हणाल्या, “ताई, आता बास. थुंकीबी गिळंना. कॅन्सरपरीस हा शेकच मारील मला.”

हे बोलणे अडाणीपणाचे नव्हते. शस्त्रक्रियेची जखम भरत आलेली असताना नवे दुखणे उपचारातूनच सुरू झाले, हे त्यांना स्वतःच्या तोंडात दिसत होते. चूक माझी होती. पहिल्या दिवशी मी सगळे दुष्परिणाम एका दमात सांगितले होते. त्या दिवशी त्यांचे सारे लक्ष शेक घेताना डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसवल्या जाणाऱ्या जाळीच्या मुखवट्याकडे होते आणि माझे एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून टेबलावर ठेवले आणि मायलेकांना तारखा दाखवल्या. तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पेशी सतत झिजतात आणि नव्याने तयार होतात. किरण कर्करोगाच्या पेशींना मारतात, तसेच या वेगाने वाढणाऱ्या चांगल्या पेशींनाही थोपवतात. म्हणून पहिले दोन आठवडे फारसे काही जाणवत नाही, नंतर तोंड येते, चव जाते, लाळ चिकट होते, मानेची कातडी काळवंडते. शेवटचा शेक झाल्यावरही आठ-दहा दिवस त्रास तसाच राहतो, कधी थोडा वाढतोही, आणि मग जखमा काही आठवड्यांत भरत येतात. मात्र मध्येच खंड पडला, तर चांगल्या पेशींबरोबर उरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही पुन्हा वाढायला उसंत मिळते. शस्त्रक्रियेनंतर नजरेला न दिसणाऱ्या ज्या पेशी राहिल्या असतील, त्यांच्यासाठीच तर हे ३० शेक असतात. बुडालेले दिवस शनिवारी किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देऊन भरून काढता येतात का, हे डॉक्टर पाहतात; पण त्यासाठी रुग्ण लवकर परत यायला हवा.

नुसत्या समजुतीने घोट गिळता येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी वेदनेचे औषध वाढवले आणि जेवणाआधी तोंड बधिर करणारे औषध दिले. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा करायच्या ठरल्या. येसराची आमटी आणि ठेचा बंद झाला. त्याऐवजी दुधात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, मऊ वरणभात, अंडे. वजन घटत राहिले तर काही दिवस नाकातून नळी घालावी लागेल, हेही सांगून ठेवले. सुनेने मानेवर हळद आणि तूप लावले होते, ते थांबवायला सांगितले, कारण तिथे डॉक्टरांनी दिलेल्या मलमाखेरीज काहीही लावू नये. ताप आला, रक्त आले किंवा पाणीही गिळेना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता यायचे.

निघताना मुलाने संकोचत विचारले, “लेकरू आईजवळ झोपवावं का?” दोन आठवड्यांपासून मावशींचे ताट, पांघरूण वेगळे होते आणि नात त्यांच्या खोलीत जात नव्हती. मला वाटते, घोट गिळण्याइतकेच हेही मावशींना दुखत होते. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात, अंगात काही साठून राहत नाही. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात, तेव्हा काही दिवस वेगळे राहावे लागते. त्या ऐकीव गोष्टीतून ही भीती इथे आली असावी. मी म्हटले, “आज रात्रीच झोपवा.” मावशींनी पदर तोंडाला लावला.

उरलेले बारा शेक त्यांनी पूर्ण केले. दर सोमवारी आम्ही वजन घेऊन ते कालनिर्णयावर लिहीत होतो. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा म्हणाल्या, मिठाची चव लागते, गोडाची अजून नाही. तोंडाचा कोरडेपणा मात्र होता. तो अनेक महिने, काहींना कायमचाही राहतो, म्हणून पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत असते.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. दाढ हलत होती आणि गावाजवळचा दातांचा डॉक्टर लगेच काढून देतो म्हणाला होता. शेक घेतलेल्या जबड्याचे हाड दाढ काढल्यावर भरून येत नाही असे होऊ शकते, म्हणून आधी आमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दाताला हात लावू द्यायचा नाही, हे वाक्य मी त्यांना तीन वेगवेगळ्या भेटींत सांगितले होते. “तुम्ही म्हणला होतात ना,” त्या म्हणाल्या, “मंगळवारी येते.”