१९७१ च्या युद्धातल्या माजी सैनिकाची पदकं फ्रेममध्ये कशी लावावीत?

तुमचा प्रश्न असा: मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, १९७१ ला पूर्व आघाडीवर होते, गेल्या महिन्यात गेले. वर्षश्राद्धापर्यंत पदकं, फोटो आणि तिरंगा एका फ्रेममध्ये करून घोडबंदर रोडवरच्या घरात लावायचा आहे.

सर्वात आधी, पदकांना ब्रासो लावू नका. बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते, आणि घासून घासून तीच पहिली पुसट होते. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, बस. काळपटपणा राहू द्या. मामांची पदकं जुनी दिसायलाच हवीत.

कडेवरचा हुद्दा पदक दिलं त्या वेळचा असतो. तिथे ‘शिपाई’ असेल आणि ते हवालदार म्हणून निवृत्त झाले असतील, तर चूक कुणाचीच नाही. खालच्या पट्टीवर डिस्चार्ज बुकातला (निवृत्तीच्या वेळी लष्कराने दिलेल्या सेवापुस्तकातला) शेवटचा हुद्दा लिहा. बुक सापडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला (तिथे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी असतात) अर्ज करा. (खारघर, कामोठे, पनवेलला राहणाऱ्यांनी ठाण्याला हेलपाटा घालू नये, तो भाग रायगड जिल्ह्यात येतो, कार्यालय अलिबागला.) मूळ कागद फ्रेममध्ये अडकवू नका. मामींना पेन्शनच्या कामाला लागतील. रंगीत प्रत लावा.

पदकं आधीच एका पट्टीवर टाचलेली असतील तर ती सोडवू नका. सुटी असतील तर क्रम बघणाऱ्याच्या डावीकडून सुरू होतो: ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचं पदक), मग संग्राम पदक, सैन्य सेवा पदक, १९७२ चं २५ व्या स्वातंत्र्यदिनाचं पदक, शेवटी दीर्घ सेवेची, त्यात २० वर्षांचं आधी आणि ९ वर्षांचं नंतर. वीरचक्रासारखं शौर्यपदक असेल तर ते सगळ्यांच्या आधी. फ्रेमवाले बरेचदा मोठं पदक मधोमध लावून दोन्ही बाजूंना जोड्या जुळवतात. दिसायला छान, पण पलटणीतला माणूस घरी आला की त्याची नजर पहिली तिथेच जाते.

आता फ्रेम. साधी चपटी नको, पेटीसारखी खोल घ्या, आतून ३५ ते ४० मिमी. काच आणि पदक यांच्यात निदान १० मिमी हवा राहिली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात काचेला आतून दव धरतं आणि रिबिनीचा रंग काचेला चिकटतो. आत अॅसिड-फ्री माउंट बोर्ड लावायला सांगा. मखमल आणि लोकरीचं फेल्ट टाळा, त्यांनी धातू काळा पडतो. फेविकॉल, दुहेरी टेप अजिबात नको. रिबीन आणि पदकाची कडी दोन्ही पांढऱ्या सुती दोऱ्याने बोर्डाला शिवून घ्या, म्हणजे वजन एकट्या रिबिनीवर येणार नाही. मागची पाठ खिळ्यांनी नाही, स्क्रूने बसवा. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवून दर मे महिन्यात बदलता आल्या पाहिजेत. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात तिला ओल येतेच, आणि ती पश्चिमेची असेल तर उन्हाने रिबिनी दोन-तीन वर्षांत विटतात.

तिरंगा मात्र फ्रेमची पार्श्वभूमी म्हणून वापरायचा नाही. ध्वजसंहितेत शोभेसाठी किंवा आच्छादन म्हणून वापर बसत नाही. सूट आहे ती शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यसंस्कारांपुरती. शोकसभेतही टेबलावर अंथरू नका, त्यावर फोटो ठेवू नका. घरात ध्वज असेल तर आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा, मग दोन्ही टोकं मध्याकडे आणा, म्हणजे वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची किनार राहील. सुती पिशवीत घालून वेगळा ठेवा.

आणि वर्षश्राद्धाला हार, कुंकू, उदबत्ती या फ्रेमला नको. पूजेला मामांचा दुसरा फोटो मांडा. ओल्या हाराचं पाणी फ्रेमच्या सांध्यातून आत उतरतं.