गेमची कल्पना आहे, कोडिंग येत नाही. नाशिकमध्ये प्रोग्रामर कुठे शोधू?

तुम्ही विचारलंय की घरी मुलांसोबत खेळताना एक गेम सुचला, कोडिंगचा गंध नाही, नाशिकमध्येच राहून नमुना बनवून देणारा कुणी मिळेल का. मिळेल. पण आधी माझी फजिती ऐका.

माझा छपाई-बाइंडिंगचा धंदा. मामा लासलगावकडचे, त्यामुळे माझा गेम कांद्याचा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरायचा आणि दर महिन्याला ठरवायचं, विकायचा की थांबायचं. थांबलं तर भाव चढेल, पण चाळीत माल सडत राहतो. उत्साहात बावीस पानं लिहिली आणि ओळखीतल्या एका पोराला म्हणालो, "कर तू, नफ्यात अर्धा वाटा तुझा." दीड महिन्याने त्याने दाखवलं ते लॉगिनचं पान, गोल फिरणारा लोगो आणि आवाज कमी-जास्त करायची पट्टी. कांदा कुठेच नाही! पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली आणि त्याने फोन उचलणं सोडलं. निम्मा दोष माझाच. फुकटात कोण किती दिवस राबणार? आणि बावीस पानं लिहूनही तो गेम मी स्वतः एकदाही खेळलो नव्हतो.

मग दुकानात उरलेल्या लग्नपत्रिका घेतल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला भाव लिहिले. एक शेंगदाणा म्हणजे एक क्विंटल. बायको पहिल्याच महिन्यात सगळा माल विकून मोकळी झाली आणि जिंकली. सलग तीन डाव. भाव इतका हळू चढत होता की थांबण्यात काही अर्थच नव्हता. म्हणून पहिले दोन महिने सड एकेक दाणा ठेवली, पुढे तीन-तीन. निर्यातबंदीचं एक पान घातलं, डिसेंबर २०२३ मामा अजून विसरलेले नाहीत. चौथ्या डावात हिशोब लागेना, तेव्हा कळलं की धाकटा माल खातोय. तेव्हापासून चिंचोके. या सगळ्या दुरुस्त्या मी कोडमध्ये करून घेतल्या असत्या, तर प्रत्येक वेळी पैसे आणि आठवडा गेला असता.

आता माणूस कुठे मिळतो ते. के. के. वाघ, संदीप फाउंडेशन, मेट, अशी इंजिनिअरिंग कॉलेजं आपल्याकडेच आहेत. तिथे "प्रोग्रामर पाहिजे" अशी चिठ्ठी लावू नका, कॉम्प्युटर विभागातल्या सरांना किंवा मॅडमना भेटा आणि विचारा की कुणी गेमवर प्रोजेक्ट केलाय का. माझं काम सोपं झालं, कारण पोरं रिपोर्ट बांधायला माझ्याकडेच येतात. पानं लावता लावता एका थर्ड इयरच्या मुलीच्या मिनी प्रोजेक्टवर नजर गेली. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला, छोटासा, पण पूर्ण झालेला गेम. मार्कांपेक्षा हे बघा. पूर्ण केलेलं काहीतरी खेळायला मागा, मग ते पाच मिनिटांचं का असेना.

शहराबाहेर बघायचं तर गेम जॅम आहेत, म्हणजे थोड्या दिवसांत टीम करून गेम बनवायचे मेळावे. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीत होतो, आणि त्यात कोडिंग न येणारेही टीममध्ये चालतात. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर तर वर्षभर कुठला ना कुठला जॅम चालू असतो. दोन दिवस सोबत काम केलं की माणूस कळतो.

त्या मुलीला मी कल्पना सांगत बसलो नाही. काउंटरवरच डाव मांडला. ती हरली आणि म्हणाली, "काका, अजून एक." तिथेच काम ठरलं. एकच स्क्रीन, करड्या चौकोनांचे कांदे, लॉगिन नाही, आवाज नाही. भाव आणि सडीचे आकडे मात्र वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे ते मलाच बदलता येतील. ही अट तुम्हीही घालाच. तीन शनिवार-रविवार आणि नऊ हजार रुपये, तीन हप्त्यांत. प्रत्येक हप्ता काहीतरी खेळायला मिळाल्यावरच. गोडो फुकट आहे, गेम विकला तरी त्यांना काही द्यावं लागत नाही. शिवाय त्यातून ब्राउझरमध्ये चालणारा गेम निघतो, तो इच डॉट आयओवर चढवला की लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवता येते.

कल्पना चोरीला जाईल म्हणून ती लपवून ठेवू नका. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. काळजी करायची ती कोडची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून कोड लिहून घेतला, तर पैसे तुम्ही दिले तरी पहिला मालक लिहिणाराच. हक्क तुमच्याकडे यायला सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही एका पानावर हे सगळं लिहून दोघांनी सह्या केल्या. कोडही पहिल्या दिवसापासून माझ्या गिटहब खात्यावर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर. पुण्याला गेलेल्या पोराने शिकवलेला धडा.

लिंक मामांना पाठवली. दोन दिवसांनी फोन आला, "अरे, चाळीतला सडका कांदा निवडून बाहेर काढायचं बटण कुठंय?" खरंच, माझ्या चाळीत कांदा नुसता सडत होता, तो कुणी निवडतच नव्हतं. पत्रिकांवर तो नियम खेळून झालाय, चांगला चालतो. बटण मात्र त्या मुलीची परीक्षा संपल्यावर. कॉलेजच्या पोरांना काम द्यायचं असेल तर त्यांचं परीक्षेचं वेळापत्रक आधी विचारून घ्या.