'समस्थानिक' : स्थान कोणते?

निफाड तालुक्यातील एका शिक्षिकेने दोन गोष्टी विचारल्या आहेत : लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला 'समस्थानिक देतात' असे म्हणावे का, आणि या शब्दाचे अनेकवचन काय? समस्थानिके (आयसोटोप) म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, पण वेगळ्या अणुवस्तुमानांकाचे, म्हणजे केंद्रकातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या वेगळ्या एकूण संख्येचे अणू.

पहिल्याचे उत्तर स्वच्छ 'नाही' असे आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तेथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण त्यावर सोडतात. कोबाल्ट बंदिस्तच राहतो, कांद्यात त्याचा कणही जात नाही. तरीही नाशिकच्या बाजार समितीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत 'आयसोटोप मारलेला कांदा' ऐकू येतो आणि समस्थानिक म्हणजे किरणोत्सारी, म्हणून घातक, ही समजूत घट्ट होत जाते. वास्तविक भांडी बाजारातल्या प्रत्येक तांब्याच्या घागरीत ६३ आणि ६५ अणुवस्तुमानांकांची दोन समस्थानिके सुमारे ६९ आणि ३१ टक्के या प्रमाणात असतात, आणि दोन्ही पूर्णपणे स्थिर आहेत. सराफ बाजारातले सोने मात्र एकट्या १९७ चे.

'सम' आणि 'स्थान' अशी फोड सगळेच करून दाखवतात. स्थान कोणते, हे सांगायचे राहून जाते. ते आहे आवर्तसारणीतले घर. विसाव्या शतकाच्या आरंभी किरणोत्सारी 'मूलद्रव्ये' तिसाहून अधिक सापडली होती आणि शिशापासून युरेनियमपर्यंत घरे होती जेमतेम अकरा. १९०७ मध्ये मॅकॉय आणि रॉस या रसायनशास्त्रज्ञांना रेडिओथोरियम हा थोरियमच्या क्षयातून मिळणारा किरणोत्सारी पदार्थ थोरियमपासून कोणत्याही रासायनिक रीतीने वेगळे होत नाही असे आढळले. पुढे मँचेस्टरमध्ये रदरफोर्डने तरुण हेवेशीला शिशातून 'रेडियम-डी' वेगळे काढण्याचे आव्हान दिले. हेवेशी हरला, कारण रेडियम-डी हे शिसेच होते. पण त्याच अपयशातून त्याने किरणोत्सारी अणूंचा माग काढण्याची पद्धत उभी केली आणि तिच्यासाठी त्याला १९४३ चे नोबेल मिळाले.

या गर्दीचा उलगडा १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडीने केला : अनेक पदार्थ, घर एकच. ग्लासगोमधील एका भोजनप्रसंगी मार्गारेट टॉड या डॉक्टर-लेखिकेने त्यासाठी ग्रीक 'आयसोस' (समान) आणि 'टोपोस' (जागा) यांतून शब्द सुचवला आणि सॉडीने तो त्याच वर्षी छापला. त्याच सुमारास त्याच निष्कर्षाला पोहोचलेल्या काझिमिर फायान्सने मात्र एका घरातील अशा पदार्थांच्या समूहाला 'प्लेयाड' म्हटले होते, म्हणजे आपले कृत्तिका! हा शब्द टिकला असता तर आपल्या पाठ्यपुस्तकांत 'शिशाच्या कृत्तिका' आल्या असत्या. दुर्बळ नजरेला एकच पुंजका दिसावा आणि नीट पाहताच त्यात अनेक तारे निघावेत, ही कल्पना मला 'समान जागे'पेक्षा कितीतरी नेमकी वाटते. शिवाय मराठी कानाला 'स्थानिक' म्हटले की स्थानिक स्वराज्य संस्था आठवते, रसायनशास्त्र नव्हे. पण 'कृत्तिका' हे समूहाचे नाव आहे. त्यातल्या एकाला काय म्हणायचे, हा प्रश्न उरला असता, आणि माझ्या मते त्यामुळेच टॉडबाईंचा शब्द जिंकला.

समस्थानिकांचा इतिहास थॉमसनच्या निऑनपासून सुरू करणारे लेखक मला मान्य नाहीत. थॉमसनने निऑन वायूच्या २० आणि २२ अशा दोन वस्तुमानांच्या खुणा १९१२-१३ मध्ये पाहिल्या खऱ्या, पण त्यांचा अर्थ निर्विवाद ठरायला अॅस्टनचा १९१९ चा मास स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करणारे उपकरण, यावा लागला. तोवर १९१४ मध्येच हार्वर्डच्या रिचर्ड्सने युरेनियमच्या खनिजांतील शिसे साध्या शिशापेक्षा हलके असल्याचे वजन करून दाखवले होते. एरवी २०७.२ च्या आसपास असणारा अणुभार तेथे २०६ कडे झुकत होता. ज्यांनी 'एक घर' ही कल्पना जन्माला घातली ते शिसे, थोरियम आणि रेडियम सगळे धातूच होते. वायूचा मान नंतरचा. पुढे मात्र धातूंनीच छळले, कारण अशा उपकरणासाठी त्यांची वाफ करून आयन (विद्युतभारित अणू) मिळवणे अवघड होते : डेम्प्स्टरने शिकागोत मॅग्नेशियमची तीन समस्थानिके १९२० मध्ये दाखवली, तर युरेनियम-२३५ हाती लागायला १९३५ उजाडले.

काही मार्गदर्शक पुस्तके 'समभारिक' हा पर्यायी शब्द देतात, ती खुशाल बाजूला ठेवावीत. समभारिकांचा अणुवस्तुमानांक सारखा असतो आणि घरे वेगळी असतात, म्हणजे अर्थ अगदी उलट.

राहिले अनेकवचन. शब्द नपुंसकलिंगी आहे : ते समस्थानिक, ती समस्थानिके.