दिवसा काळवंडतो, रात्री उजळतो: पाळीव सापांच्या रंगाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे नोंदणी केलेला तीन वर्षांचा बोआ (अजगरासारखा परदेशी साप) आहे. दुपारी पाहिला तर गडद, मळकट तपकिरी. रात्री साडेदहाला पाहिला तर अंग राखाडी-गुलाबीसर आणि पाठीवरचे पट्टे ठळक. आई म्हणते, त्याला काहीतरी झाले आहे. खरेच काही आजार आहे का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

आजार नाही, आईंना निर्धास्त राहायला सांगा. दिवसा गडद आणि रात्री फिकट होणे हे बोआच्या बाबतीत नेहमीचेच आहे. उलट असा बदल रोज ठरल्या वेळी होत असेल तर सापाचे दिवसरात्रीचे चक्र नीट चालले आहे असे समजा.

सापाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या, म्हणजे मेलॅनिनच्या, पेशी असतात. त्यांना चांदणीसारखे फाटे असतात. पेशीतले मेलॅनिनचे कण या फाट्यांत पसरले की वरून सगळे काळपट दिसते. तेच कण पेशीच्या मध्याशी गोळा झाले की आजूबाजूचे पिवळे, तांबूस, पांढरट रंग मोकळे होतात आणि साप उजळलेला दिसतो. रंगद्रव्य तेवढेच राहते, त्याची जागा तेवढी बदलते.

हे कण पसरवणारे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. संशोधक हर्मन रान यांनी १९४१ मध्ये अमेरिकेतल्या रॅटलस्नेकवर हे दाखवले: ग्रंथी काढली की साप फिकट पडतो. अंधार पडल्यावर शरीरात वाढणारे मेलॅटोनिन कणांना गोळा करायच्या बाजूने काम करते. संप्रेरक रक्तातून फिरून कातडीपर्यंत पोचते, त्यामुळे हा बदल सावकाश होतो. अर्धा तास ते दोन तास सहज लागतात. सरड्याशी तुलना करून घाबरू नका. शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, झपाट्याने होणारा बदल वेगळ्या यंत्रणेने होतो. त्याच्या कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलते, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले.

तुमचा बोआ यात एकटा नाही. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवरचा बोआ, कॅरिबियन बेटांवरचे ट्रोपिडोफिस हे बुटके बोआ, पॅसिफिक बेटांवरचे कँडोइया बोआ यांच्यातही दिवसा गडद आणि रात्री फिकट हाच क्रम दिसतो. पाळीव बोआंमध्ये हॉग आयलंड जातीत तो सर्वांत ठसठशीत असतो. बॉल पायथन या छोट्या आफ्रिकन अजगरामध्ये फरक थोडा असतो; तपकिरी भाग रात्री किंचित सोनेरी वाटतो, एवढेच. कॉर्न स्नेक या अमेरिकी सापामध्ये बहुतेकांच्या नजरेला काही जाणवतही नाही. बोर्निओतला २००५ मध्ये नोंदवलेला कापुआस चिखलसाप मात्र अंधाऱ्या बादलीत ठेवल्यावर सुमारे वीस मिनिटांत तांबूस तपकिरीचा जवळजवळ पांढरा झाला होता. पाळीव सापाकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: रंग खरेच बदलतो की घरातल्या दिव्यामुळे तसे वाटते, हे कसे ओळखावे? मोबाईलवरचे फोटो दर वेळी वेगळेच येतात.
– एक वाचक, खानापूर

फोटोंवर विश्वास न ठेवणे बरोबरच आहे. मोबाईल प्रत्येक फोटोत उजेड आणि रंग स्वतःच्या मनाने जुळवून घेतो. गडद साप समोर आला की तो फोटो उजळतो, म्हणजे जे मोजायचे तेच पुसून टाकतो. त्यात पिवळा बल्ब असेल तर तपकिरी भाग तांबडा दिसतो. रात्रीसाठी लाल बल्ब लावला असेल तर तो आजच काढा. लाल उजेडात लाल आणि पांढरा भाग सारखेच दिसतात, शिवाय सापाला अंधार मिळत नाही तो वेगळाच.

पडताळणी अशी करा. एकच पांढरा एलईडी दिवा पेटीपासून ठरावीक अंतरावर पक्का बसवा आणि फोटोपुरता तोच लावा; खिडकीवर पडदा ओढा. सापाशेजारी पांढऱ्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा ठेवा. मोबाईलचा फ्लॅश आणि नाईट मोड बंद करा. मोबाईलच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या कागदावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतील, मग फोटो घ्या. सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७ आणि रात्री ११, असे दहा दिवस. दर वेळी अंगाचा एकच भाग टिपा, मानेमागचा तिसरा पट्टा वगैरे. साप बाहेर काढू नका. हाताळल्याने त्याच्यावर ताण येतो आणि ताणानेही रंग बदलतो. रात्रीचा दिवा मिनिटभरात बंद करा, तेवढ्याने रंग फिरत नाही.

प्रत्येक फोटोसोबत वहीत तीन गोष्टी लिहा: उबदार बाजूच्या जमिनीचे तापमान, शेवटचे खाणे कधी झाले, कात कधी टाकली. फोटो शेजारी ठेवून आधी कागद पाहा. कागद सगळ्या फोटोंत सारखा पांढरा असेल तरच सापातला फरक खरा. कागद पिवळट किंवा निळसर आला असेल तर तो फोटो बाद करा.

दहा दिवसांत काहीच क्रम दिसला नाही तर आधी खोलीचा उजेड तपासा. टीव्ही-ट्यूबलाईट रात्री एकपर्यंत चालू असलेल्या हॉलमध्ये सापाला रात्र कळायची कशी? टायमर लावून बारा तास उजेड आणि बारा तास पूर्ण अंधार द्या.

प्रश्न: माझा अल्बिनो कॉर्न स्नेक रात्रीही तसाच दिसतो. त्यात काही दोष आहे का?
– एक वाचक, निपाणी

नाही. त्याच्या अंगात मेलॅनिनच नाही, मग पसरणार काय आणि गोळा होणार काय! अल्बिनोचा रंग दिवसागणिक बदललेला वाटला तर कारण दिवा, मोबाईल किंवा जवळ आलेली कात यांपैकीच काहीतरी असते. वयानुसार मात्र नारिंगी रंग दोन-तीन वर्षे गडद होत जातो. त्याचा दिवसरात्रीशी संबंध नाही.

प्रश्न: डिसेंबरपासून आमचा बॉल पायथन रात्रीही काळपटच राहतो, खातही नाही. हीट मॅट चालू आहे.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

थंडी लागली की साप गडद होतो, आणि दिवसरात्र गडद राहिला तर पहिला संशय तापमानावरच घ्यावा. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कौलारू घरातली खोली पंधरा-सोळा अंशांवर येते. मॅट जमीन गरम करते, हवा नाही. काचेची पेटी आणि वर जाळीचे झाकण असेल तर सगळी ऊब वरून निघून जाते.

बॉल पायथनला उबदार बाजूची जमीन ३१–३२ अंश, थंड बाजू २५–२६ अंश लागते, आणि रात्री कुठेही २४ च्या खाली जाऊ नये. जाळीचा दोन तृतीयांश भाग जाड पुठ्ठ्याने किंवा थर्माकोलने झाका. बाजूची हवा जायची भोके मोकळी ठेवा. पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा. मॅट एका टोकाला, तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच हवी. तिच्यावर नारळाच्या भुशाचा थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड झाला तर ऊब वर पोचत नाही, हेही नेहमी निसटते.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरल्या तापमानाला मॅट चालू-बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, मॅट लावू नका. त्याचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये, बाहेरून बसवा. आत ठेवलेला प्रोब साप ढकलून देतो, थर्मोस्टॅटला सगळीकडे थंडच वाटते, मॅट पूर्ण जोरात तापते आणि पोट भाजते. आत चिकटपट्टीही लावू नका, ती खवल्यांना चिकटून कातडी सोलते. आतल्या जमिनीचे तापमान वेगळ्या थर्मामीटरने पाहून थर्मोस्टॅटचा आकडा ठरवा. बाहेरच्या प्रोबचा आकडा आतल्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त ठेवावा लागतो.

लाईट गेली तर प्लास्टिकच्या बाटलीत हाताला सोसेल इतके, सुमारे ४० अंशांचे पाणी भरा, बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवा आणि दर दोन तासांनी बदला.

तापमान चार-पाच दिवस स्थिर होईपर्यंत खायला घालू नका. थंड सापाच्या पोटात भक्ष्य पचत नाही, सडते आणि उलटी होते. उलटी झालीच तर पुढचे खाणे किमान दहा ते चौदा दिवसांनी, आणि नेहमीच्या अर्ध्या आकाराचे. थंडीच्या महिन्यांत प्रौढ बॉल पायथन काही आठवडे उपाशी राहणे वेगळे. वजन टिकून असेल तर त्याची चिंता नको. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन घ्या.

प्रश्न: पोट गुलाबी झाले आहे आणि पाठ फिकट, धुरकट. हा रात्रीचा रंग की आजार?
– एक वाचक, कारवार

बहुधा कात जवळ आली आहे, पण खात्री करून घ्या, कारण पोटाचा रंग कात आणि संसर्ग या दोन्हींत बदलतो.

कातेपूर्वीचा गुलाबीपणा पोटभर सारखा असतो. मग पाठ निस्तेज होते, डोळ्यांवर दुधासारखी निळसर साय येते. जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव साठल्याने हा धुरकटपणा येतो, आणि या दिवसांत दिवसरात्रीचा बदल कळतही नाही. साय चार ते सात दिवस राहते, मग डोळे स्वच्छ होतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत कात पडते. या काळात हाताळू नका, खायला घालू नका.

संसर्गाचा तांबडेपणा ठिगळाठिगळांचा असतो. खवल्यांच्या मध्ये लाल रेघा, खवल्याखाली रक्ताचे ठिपके, पाण्याने भरलेले फोड, तपकिरी पडलेल्या कडा, वास, यांतले काहीही दिसले किंवा साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. घरचे मलम, हळद, तेल काही लावू नका. फक्त मॅटवर टेकणाऱ्या भागातच डाग असेल तर ते भाजणे समजा आणि मॅट लगेच बंद करा.

कारवारच्या पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते, तेव्हा पेटीत पाणी फवारण्याची गरज नाही. भुसा ओला राहिला की पोटाचे खवले कुजतात. जून ते सप्टेंबर भुसा काढून साधा कागद घाला, दोन दिवसांनी बदला. पाण्याचे भांडे लहान आणि थंड बाजूला ठेवा. भालकीकडच्या वाचकांची अडचण नेमकी उलटी: एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात कात तुकड्यातुकड्यांनी निघते. तिथे झाकणाच्या डब्याला साप शिरेल एवढे भोक पाडून आत पिळून घेतलेला ओला काथ्या ठेवा. कात अडकली तर २८–३० अंशांच्या पाण्यात, अंगाच्या निम्म्या जाडीइतक्याच खोल, वीस मिनिटे समोर बसून ठेवा. डोळ्यावर राहिलेला पापुद्रा नखाने किंवा चिमट्याने काढू नका. त्या पापुद्र्याखालचा डोळा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न: आमच्या शेताजवळच्या जंगलात हिरवा आणि तपकिरी असे चापडे (पिट व्हायपर जातीचे विषारी साप) दिसतात. रंग बदलणारा म्हणून एक पाळता येईल का?
– एक वाचक, जांबोटी परिसर, ता. खानापूर

पाळता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथले साप, मग तो चापडा असो, धामण, अजगर किंवा मांडूळ, पकडणे आणि बाळगणे गुन्हा आहे. बोआ, बॉल पायथन यांसारखे साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी सापही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात; विकत घेताना नोंदणीची कागदपत्रे मिळाली नाहीत तर व्यवहार करू नका.

मलबारी चापड्याचे हिरवे, तपकिरी, पिवळसर असे वेगवेगळे साप असतात. एकच साप सकाळी हिरवा आणि रात्री तपकिरी होत नाही. तो विषारी आहे. रंगावरून साप ओळखण्याची सवय आपल्या भागात फार महागात पडते: धामण पिवळसर ते काळी कशीही असते, आणि नुकती कात टाकलेली मण्यार टॉर्चच्या उजेडात निळसर चमकते. घराजवळ साप दिसला तर त्याच्यावर नजर ठेवून किमान दोन मीटर लांब राहा आणि वनखात्याच्या रेंज ऑफिसला किंवा ११२ ला फोन करा. चावल्यास चिरू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद दवाखान्याने सरकारकडे करणे बंधनकारक आहे, तेव्हा किती वाजता आणि कुठे चावले हे आठवणीने सांगा. सापाचा रंग सांगायला मागे थांबू नका.