ठाण्याजवळच्या येऊरला चर्चच्या पोरांचं शिबिर घेतोयस, तर आधी हे वाच

मे महिन्यात घेतोयस ते ठीक, पण पहिल्याच दिवशी विश्वासाच्या साक्षी आणि बायबलमधल्या वचनांचा मारा नको. घरच्यांनी जबरदस्तीने पाठवलेलं पोर आधी बघतं जेवायला काय आहे आणि मोबाईल कोण काढून घेणार. व्हॉलीबॉल होऊ दे, पोटभर जेवू दे, मग लूक १५ मधला उधळ्या पुत्र काढ. त्यातल्या थोरल्या भावावर जरा थांब. घरातच राहून धुसफुसणारा तो पोरांना लगेच कळतो.

रात्री कुणी मन मोकळं करायला आलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं निघालं तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ नुसार कळवावंच लागतं, मग कुणी कितीही ‘मंडळीतच (चर्चमध्येच) मिटवू’ म्हणो. बोलताना दार उघडं आणि दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात. जीव द्यायची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नकोस, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लाव. प्रार्थना कर की, पण डॉक्टरची गोळी बंद करायला लावू नकोस.

पालकांची लेखी संमती, औषधांची यादी हे ओघाने आलंच. आणि येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, बिबटे आहेत. अंधार पडल्यावर डोकी मोज.