बेसी काय वाजवत नाही ते ऐक

प्रिय,

तुझं पत्र आणि तालमीचं रेकॉर्डिंग मिळालं. बँडच्या पियानोची जबाबदारी तुझ्याकडे आली आणि सुरुवात अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसीपासून करायचं ठरलं, याचा फार आनंद झाला. पण रेकॉर्डिंगमध्ये तुझे हात एका मात्रेपुरतेही थांबत नाहीत. बेसी शिकायचा तर आधी हे सुटायला हवं.

भरगच्च वाजवणं त्याला जमत नव्हतं, असं नाही. 1904 साली न्यू जर्सीतल्या रेड बँक या गावी जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलरकडून ऑर्गनचे धडे घेऊन तयार झाला होता. डाव्या हातानं खालचा सूर आणि वरची कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) असा झोका देणारी स्ट्राइड शैली त्याच्या हातात पक्की बसलेली होती. 1927 मध्ये तो ज्या फिरत्या मंडळीबरोबर होता ती कॅन्सस सिटीत मोडली आणि तो तिथेच राहिला. आधी वॉल्टर पेजच्या बँडमध्ये, मग बेनी मोटनच्या. 1935 मध्ये मोटन वारल्यावर रीनो क्लबमध्ये त्यानं स्वतःचा नऊ जणांचा बँड उभा केला. बासवर पेज, ड्रमवर जो जोन्स. 1937 मध्ये गिटारवर फ्रेडी ग्रीन आला. पेज चारही मात्रांवर बास चालवायचा, ग्रीन चारही मात्रांवर गिटार. मग पियानोच्या डाव्या हातानं तेच पुन्हा कशाला वाजवायचं? बेसीनं ते काम सोडलं. आपल्याकडे गवई जागा घेतो म्हणतात. बेसी जागा सोडतो.

आता तुझ्या हातांचं बघू. बारा मात्राखंडांच्या (एक खंड चार मात्रांचा) ब्लूजमध्ये चार-चार खंडांच्या तीन ओळी असतात. प्रत्येक ओळीत पहिले दोन खंड मूळ चालीचे, पुढचे दोन उत्तराचे. म्हणजे तुझी जागा खंड 3-4, 7-8 आणि 11-12. तिथेही दोन-तीन सुरांचा तुकडा पुरे. तो मधल्या सा-पासून, म्हणजे मिडल सी-पासून, किमान एक सप्तक वर वाजव. मधल्या सप्तकात गिटारची कॉर्ड असते. तिथेच तुझीही चार-पाच सुरांची कॉर्ड येते, तेव्हा सूर एकमेकांत कालवले जातात आणि गिटार ऐकू येईनाशी होते. तुमच्या रेकॉर्डिंगमधला चिखल नेमका हाच आहे.

गिटारवाल्याला सांग, अँप बंद. तारा फळीपासून जरा उंच, आघात फक्त खालच्या दिशेनं, आणि कॉर्डमधले दोन किंवा तीनच सूर, मधल्या तारांवर. आघात झाला की डाव्या हाताची बोटं सैल करायची, म्हणजे सूर लांबत नाही. सहाही तारा झणकारल्या की बासवाला आवाज वाढवतो, मग ड्रमर, आणि सगळा बँड ओरडू लागतो. ड्रमरनं ठेका हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, धरावा आणि ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटावी. बास ड्रम इतका हलका की ऐकू येण्यापेक्षा जाणवावा.

सरावासाठी मेट्रोनोम (लयीचं टिकटिक यंत्र) मिनिटाला 70 टिकांवर लाव आणि प्रत्येक टिक दुसरी किंवा चौथी मात्रा समज. प्रत्यक्ष लय 140 होईल. दहा मिनिटं फक्त पियानो, गिटार, बास आणि ड्रम अशा चौघांनी वाजवा, सॅक्स-ट्रंपेट नकोत. मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडायचे, हा स्विंगचा, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचा, ढोबळ हिशेब. लय वाढली की ते आपोआप सपाट होत जातं, तिथे मुद्दाम उड्या मारू नका.

मग बेसीच्या बँडची 'वन ओ'क्लॉक जंप' ही रचना घ्या. सुरुवातीचा पियानो एफ-मध्ये आहे, टेनर सॅक्स येतो तिथे पट्टी डी-फ्लॅट होते. ही वाद्यं कागदावरच्या सुरापेक्षा वेगळा सूर देतात, म्हणून त्या वेळी टेनर आणि ट्रंपेटच्या कागदावर ई-फ्लॅट, आल्टो सॅक्सच्या कागदावर बी-फ्लॅट असायला हवी. इथे चूक झाली तर तालमीचा पहिला तास त्यातच जातो. शेवटच्या आवर्तनांतले रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) मात्र कागदाशिवाय बसवा. सॅक्सनी दोन खंडांचा एक तुकडा पाठ करावा, तो पक्का झाला की ट्रंपेटनी त्याच्या रिकाम्या जागेत उत्तर द्यावं, शेवटी ट्रॉम्बोन. बेसीचा बँड असंच कानानं बसवायचा.

बँड बसला की संगीतकार नील हेफ्टीनं रचलेलं 'लिल डार्लिन'. 1957 च्या त्या रेकॉर्डिंगमधली संथ लय बेसीनं ठरवलेली. हेफ्टीच्या मनात ती बरीच जलद होती. सगळ्यात अवघड तुकडा हाच, कारण संथ लयीत प्रत्येकाला पुढे सरकायचा मोह होतो. मेट्रोनोम सुरू ठेवून सुरुवात करा, आठव्या खंडानंतर बंद करा, आवर्तन संपलं की पुन्हा लावा आणि किती पुढे गेलात ते पाहा.

एक गोष्ट संगीताबाहेरची. डेक्का या रेकॉर्ड कंपनीबरोबरच्या 1936 च्या करारात बेसीला तबकड्यांच्या 24 बाजूंसाठी एकूण 750 डॉलर मिळाले, रॉयल्टी नाही. तुमच्या पहिल्या रेकॉर्डिंगचा कागद कुणी पुढे केला तर सहीआधी घरी आणून वाच.

पुढच्या वेळी फक्त चौघांचं, तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव. फुंकून वाजवायची वाद्यं नकोत.

सस्नेह आशीर्वाद.