कॉकपिटचा फोटो पाहून विमान कोणतं ते खरंच ओळखता येतं का? बोईंगच्या ७३७, ७७७ आणि ७८७ मध्ये माझा नेहमी गोंधळ होतो.

ओळखता येतं. "सगळीकडे सारखीच बटणं, त्यात काय ओळखायचं" असं म्हणणाऱ्यांनी दोन फोटो शेजारी ठेवून कधी पाहिलेले नसतात. जरा चिडून लिहितोय, कारण हेच वाक्य मला आमच्या घरात, भरल्या बैठकीत ऐकवलं गेलंय.

अमळनेरला माझा फोटो स्टुडिओ आहे, सोबत फ्लेक्स आणि लग्नाचे बायोडाटा छापून देतो. गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर चालू. बरीच वर्षं झाली, बायको आता बोलायचीही थांबली. तर पुतणीसाठी एक स्थळ आलं. आणलं तिच्या मामांनी, म्हणजे आमच्या वहिनीच्या मोठ्या भावाने. त्यांना सगळे नाना म्हणतात. मुलगा पायलट, "एअरबस ए३२०, फर्स्ट ऑफिसर" (म्हणजे सह-पायलट) असं बायोडाटात ठळक अक्षरात. खाली कॉकपिटमध्ये बसलेला फोटो, खांद्यावर चार पट्ट्या. बैठकीत मोबाईल हातोहात फिरत माझ्याकडे आला.

पहिल्या नजरेत दिसलं ते मांडीसमोरचं योक, म्हणजे विमान वळवायचं दोन हातांचं हँडल. ए३२० ला योक नसतंच. तिथे खिडकीच्या बाजूला छोटी साइडस्टिक, म्हणजे एका हाताने धरायचा दांडा असतो आणि समोर मोकळी जागा, तिथे जेवणाचा ट्रे ओढून घेतात. दुसरं, दोन्ही सीटच्या मधल्या खोक्याला दोन्ही बाजूंनी मोठं काळं चाक, त्यावर पांढरा पट्टा. हे ट्रिम व्हील, विमानाचं नाक हवं तिथे स्थिर ठेवण्यासाठी. ए३२० लाही ट्रिमचं चाक आहे, पण ते लहान आणि पॅनलमध्ये दबलेलं. एवढं ढब्बं, गुडघ्याला लागेल असं बाहेर आलेलं चाक, समोर योक आणि थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचे दांडे, दर इंजिनाला एक) दोनच, म्हणजे ७३७. (७०७ आणि ७२७ लाही असं चाक होतं, पण त्यांना लिव्हर चार आणि तीन.) मी म्हटलं, हे बोईंग आहे. आणि फर्स्ट ऑफिसरच्या खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या कशा?

नाना उसळले. "तुले काय समजस रे? तू कधी इमानमा बसना का?"

बसलो नाही तोवर, खरं आहे. पण फोटो बघणं हा माझा धंदा आहे. तिसरी गोष्ट तर विमानाची नव्हतीच, उजेडाची होती. खिडकीबाहेर लख्ख दिवस, धावपट्टी दिसतेय, आणि पोराच्या चेहऱ्यावर उजेड मात्र डोक्यावरच्या दिव्याचा. खिडकीकडचा गाल काळा. उन्हात उभ्या असलेल्या विमानात असं होत नाही. तो सिम्युलेटर होता. हे मी बैठकीत बोललो नाही, भावाला बाहेर अंगणात सांगितलं.

भावाने मुलाच्या वडिलांना फोन करून सरळ विचारलं. कळलं ते असं, की लायसन आहे, बाहेरदेशी जाऊन ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची खास परवानगी, मिळवलंय, नोकरीच्या मुलाखती चालू आहेत. वाईट काहीच नाही. लाखो रुपये घालून पोरगं शिकलं, नोकरी आज ना उद्या लागेल. मग एअरबस कशाला लिहायचं? तर बायोडाटा करून देणाऱ्याने "शोभतं म्हणून" टाकलं. पुढे पुतणीने स्वतःच नाही म्हटलं, तिला पुण्यातली नोकरी सोडायची नव्हती. नाना मात्र आजही प्रत्येक लग्नात सांगतात, "काकाने एका चाकापायी स्थळ मोडलं."

आता तुमचं. ७३७ सापडलं की त्यातले प्रकार स्क्रीनवरून कळतात. नुसते गोल काट्यांचे डायल असतील तर बहुतेक २००. डायलमध्ये प्रत्येक पायलटपुढे दोन लहान स्क्रीन घुसवल्या असतील तर ३०० ते ५०० ची क्लासिक पिढी. सहा सारख्या स्क्रीन म्हणजे बहुतेक ८०० किंवा तिची भावंडं. चार मोठ्या आडव्या स्क्रीन म्हणजे मॅक्स. ७७७ मध्ये ते मोठं चाक नाही, पाच स्क्रीन ओळीत आणि सहावी खाली. ७४७-४०० ची मांडणी तशीच, पण लिव्हर चार, म्हणून आधी लिव्हर मोजा. ७८७ ला समोर चार मोठ्या स्क्रीन, आणि दोन्ही पायलटांच्या डोळ्यांपुढे वरून खाली येणारी हेड-अप डिस्प्लेची काच, जिच्यावर वेग-उंचीचे आकडे दिसतात. काच एकट्या डावीकडेच असेल तर लगेच ७८७ म्हणू नका, ७३७ वरही ती बसवतात.

बोकडाच्या शिंगांसारखं योक दिसलं तर बहुतेक एम्ब्राएर या ब्राझीलच्या कंपनीचं विमान. जळगावला येतं ते एटीआर ७२ असेल तर योक साधं, मधे दोन पॉवर लिव्हर आणि शेजारी पंख्यांसाठीच्या दोन कंडिशन लिव्हर. नव्या ६०० ला समोर पाच स्क्रीन. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर पोरं शिकतात तसल्या सेस्ना १७२ मध्ये थ्रॉटल (इंजिनाचा जोर) हा आत-बाहेर ओढायचा दांडू असतो, शेजारी मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) लाल. पायपर चेरोकीत त्या जागी बहुतेक लिव्हर.

एक गोष्ट ओळखायला अजिबात कामाची नाही, ती म्हणजे चाकाच्या आकाराचा गोळा असलेली लँडिंग गिअरची, म्हणजे विमानाची चाकं आत-बाहेर करायची लिव्हर. ती सगळ्याच प्रवासी विमानांत सापडते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकन बॉम्बर विमानाचे पायलट जमिनीवर आल्यावर फ्लॅपच्या (पंखांमागच्या झडपांच्या) स्विचऐवजी चुकून गिअरचा स्विच ओढायचे. तेव्हा अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गिअरच्या दांड्यावर रबरी चाक लावलं, हाताला न बघता कळावं म्हणून. तीच पद्धत पुढे सगळीकडे रुळली.

आणि सेल्फीत आधी अक्षरं वाचा. फ्रंट कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा निघू शकतो, मग कॅप्टनची डावी सीट उजवीकडे जाते आणि साइडस्टिकही.

हे सगळं सांगून एक राहिलंच. फोटोवरून विमान कळतं, माणूस कळत नाही. सिम्युलेटरमध्ये पैसे भरून कुणीही बसू शकतो, आणि खरा पायलटही तिथेच शिकतो. शिवाय एकाच पायलटकडे दोन प्रकारच्या विमानांचं रेटिंग असू शकतं. तेव्हा स्थळाच्या बाबतीत फोटो बाजूला ठेवा, नोकरीचं पत्र मागा. लाजायचं काय त्यात? शेतीचा सातबारा मागतोच की आपण.

नानांचं शेवटचं म्हणणं होतं, "एअरबसच्या नव्या मॉडेलले देत असतील हँडल." नेमकं उलट आहे. योक होतं ते जुन्या ए३०० आणि ए३१० ला. १९८८ मध्ये ए३२० सेवेत आलं, आणि तेव्हापासून एअरबसने काढलेल्या प्रत्येक नव्या प्रवासी विमानाला, ए३८० आणि ए३५० धरून, साइडस्टिकच आहे.